इन्क्लाइनचं चौथं भोक

गेल्या जूनमध्ये माझी शंभर किलोची बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून दांडा छातीवरून वर ढकलायचा व्यायाम) दहा मिनिटांत ८८ किलो ८५० ग्रॅमवर आली. आजारपण नाही, दुखापत नाही. नुसतं वजन केलं. त्यातूनच पुढं छातीच्या वरच्या भागाचा हिशेब लागला.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर दिवाणजी आहे. वीस वर्षं झाली. आमच्याकडे माल आला की आधी काट्यावर चढतो, बोलणं नंतर. जिममधलं एक पोरगं सहज म्हणालं, "अण्णा, ह्या प्लेटा लई हलक्या वाटत्यात. पुरात झिजल्या असतील." २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिममध्ये गळ्यापर्यंत पाणी होतं. आरशावर त्याची पिवळट रेघ अजून आहे, आणि जुन्या डंबेलच्या मुठीवरची नक्षी पिनेनं खरवडली तर कृष्णेचा गाळ निघतो. पण गंजून लोखंड झिजून झिजून झिजणार किती? मला राहवेना. सीझन संपलेला, यार्डात माश्या मारायची वेळ. जिमच्या मालकांना सांगून चार वीसच्या प्लेटा आणि लांब दांडा टेम्पोत टाकला आणि आडतीवरच्या काट्यावर एकेक ठेवला.

१८.६५०. १८.९००. १८.४००. १८.७००. आणि जो दांडा मी कायम वीस धरत आलो तो १४.२००.

आमचा एक जुना हमाल काट्याशेजारी तंबाखू मळत बसला होता. त्यानं आकडे ऐकले, मनात बेरीज केली आणि म्हणाला, "शंभराला अकरा किलो घट? दिवाणजी, वाळल्या हळदीत एवढी घट दाखवली तर मालक तुमास्नी उभा ठेवील काय?"

आदल्या दिवाळीत मी ह्याच शंभर किलोचे पेढे वाटले होते. अर्धा किलो. त्या पेढ्यांचं वजन मात्र बरोबर होतं.

तुम्ही म्हणाल, छंद म्हणून व्यायाम करणाऱ्या माणसाला अकरा किलोचं एवढं काय. पण मी ज्या गावात राहतो तिथं किलोला किंमत आहे. आमच्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात उतरला. दोन प्रकारांत ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो उचलले. पहिला आला तो मलेशियाचा, २४९ किलोनं. एका किलोत सोनं गेलं, तेही कोपर दुखावलेलं असताना. ज्या पोराचं घर पानटपरी आणि चहावर चाललं त्यानं एकेक किलोचा हिशेब ठेवला, आणि मी पगारी दिवाणजी असून दांड्याचं वजन अंदाजानं धरत होतो.

तर त्या दिवसापासून मला मोजायची खोड लागली. ही पोस्ट छातीच्या वरच्या भागाबद्दल आहे, प्लेटांबद्दल नाही. पण त्या प्लेटा काट्यावर चढल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून, मधली लग्नाची आणि मुलीच्या जन्माची चार वर्षं सोडली तर, मी बेंच प्रेस मारत आलोय. आता त्रेचाळीस. छाती आली नाही असं नाही, आली. पण सगळी खाली आली. बनियनवर उभा राहिलो की खालच्या बाजूला दोन उशा, आणि हासळीच्या हाडाखाली (कॉलरबोनखाली) चार बोटं नुसती सपाट जागा. बाजूनं बघितलं तर पायरी. गळ्यातल्या साखळीतला गणपती त्या खळग्यात लोंबकळायचा. शर्टाचं माप द्यायला गेलो की टेलर छातीवर कापड ओढून म्हणायचे, "खाली बसतंय ओ, वरनं पोकळ राहतंय." जिममध्ये विचारलं तर एकच उत्तर: "अण्णा, ते जेनेटिक असतंय."

जेनेटिक म्हटलं की मला हसू येतं, कारण आमच्या घरात भिंतीवर आबांचा फोटो आहे. लंगोटावर, अंगाला माती लागलेली, वय असेल पंचवीस-सव्वीस. त्या फोटोत छाती हासळीपासूनच सुरू होते. गळा संपला की लगेच मांस. आबांनी आयुष्यात डंबेल बघितला नाही. तालमीत दोनशे-अडीचशे जोर, तेवढ्याच बैठका, मग लढत. कवठेपिरानच्या पैलवान मारुती मानेंनी १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं तेव्हा आबा ऐन भरात होते, आणि ती गोष्ट सांगताना ते नकळत छाती पुढं काढायचे. रक्त त्यांचंच माझ्यात. मग माझ्याच हासळीखाली दुष्काळ का?

मी पंधराव्या वर्षापर्यंत त्यांच्याबरोबर तालमीत जायचो. लाल माती, त्यात ताक, तेल, लिंबू आणि हळद. हळदीचा वास तेव्हापासून अंगात आहे, पोट त्याच्यावर चालेल हे तेव्हा माहीत नव्हतं. पुढं कॉलेजला आलो, शहरातली जिम बघितली, चकचकीत दांडा बघितला आणि जोर सोडून दिले. गावठी वाटले. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक बेंचची होती, आणि ती माझी एकट्याची नव्हती.

आधी थोडं शरीराचं. छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, हा एकच स्नायू आहे, पण त्याची मुळं दोन ठिकाणी आहेत. मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून निघतो. वरचा लहान भाग हासळीच्या हाडाच्या गळ्याकडच्या निम्म्या लांबीवरून निघतो. दोन्ही भाग जाऊन चिकटतात दंडाच्या हाडालाच, खांद्याच्या जरा खाली. पोत्याच्या तोंडाशी सगळ्या सुतळ्या एकत्र येतात तसं. आता दोरी ज्या दिशेनं बांधलेली त्याच दिशेनं ओढणार. खालच्या भागाचे तंतू आडवे आणि खालून वर दंडाकडे जाणारे, तेव्हा हात समोर आणि खाली ढकलताना तो जोर लावतो. हासळीवरचे तंतू वरून तिरपे खाली दंडाकडे येतात; म्हणून दंड पुढून वर आणि आतल्या बाजूला उचलायचा झाला की ते कामाला लागतात. वरचा भाग वेगळा काढून एकट्यालाच व्यायाम देता येत नाही. जे दुकान चालवतात ते सांगतात देता येतो, पण येत नाही. फक्त कोण जास्त ओझं घेणार, एवढं आपल्याला ठरवता येतं. सपाट बेंचवर वरचा भाग काम करतोच, पण मोठा भाऊ सगळं उचलतो आणि धाकटा नुसता हात लावून उभा राहतो.

हे कळल्यावर आबांचा जोर डोळ्यांसमोर आला. जोर काढताना ढुंगण वर, डोकं खाली, हात जमिनीवर. त्या अवस्थेत धडाच्या हिशेबानं हात डोक्याच्या दिशेला वर गेलेले असतात. म्हणजे तिथून अंग खाली आणताना आणि परत मागं ढकलताना माणूस अर्धवट इन्क्लाइन प्रेसच (डोक्याकडे उंच केलेल्या तिरप्या बेंचवरची प्रेस) करतो, तीही दिवसाला दोनशे वेळा. आबांना हासळीचं नाव माहीत नसेल, पण वस्तादांना बरोबर माहीत होतं काय कामाला लागतंय.

मग मी म्हटलं, आपल्याकडे तर रीतसर इन्क्लाइन बेंच आहे. मी त्याच्यावरही वर्षानुवर्षं डंबेल मारलेत. त्याचं काय झालं?

आमच्या जिमचा इन्क्लाइन बेंच स्थानिक फॅब्रिकेशनचा आहे, भक्कम, मातीत पुरला तरी मोडणार नाही असा. मागं लोखंडी पट्टी, पट्टीला तीन भोकं, पिन घालायची. सगळ्यात खालच्या भोकात पिन घातली की तो "इन्क्लाइन". वरच्या दोनला कोणी हात लावत नाही, तिथं घामाचे टॉवेल वाळत असतात. सोमवारी तर बघायलाच नको. सोमवार म्हणजे छाती, हा आमच्याकडे महादेवाच्या उपासाइतका पक्का नेम. सपाट बेंचला सहा जणांची रांग आणि इन्क्लाइन ओस.

मुलगी नववीत आहे. तिच्या कंपासपेटीतला कोनमापक मागून घेतला. त्याच्या मधल्या छिद्रातून सुतळीचा एक पदर ओवला. ओळंब्याला वजन काय लावायचं म्हणून खिसा चाचपला तर हळकुंड निघालं. माझ्या खिशात नेहमी एखादं असतंच, मालाचा नमुना म्हणून. तेच बांधलं. दुपारी तीनला, जिम मोकळी असताना, बेंचच्या कडेला कोनमापकाची सपाट बाजू टेकवली, गोल बाजू खाली, आणि दोरा कुठं थांबतो ते बघितलं. झाडलोट करणारा पोरगा केरसुणी घेऊन थांबला. "काय ओ अण्णा, बेंच विकत घेताय व्हय?"

दोरा ३८ वर थांबला. मी खूश. वाचलं होतं की तीस अंशाच्या आसपास छातीच्या वरच्या भागाला सगळ्यात चांगलं काम मिळतं आणि पंचेचाळीसच्या वर गेलं की खांद्याचा पुढचा स्नायू सगळं आपल्या अंगावर घेतो. अडतीस म्हणजे बसतंय की. संध्याकाळी घरी येऊन ऐटीत सांगितलं. मुलगी पोहे खात होती. तिनं घास गिळला आणि म्हणाली, "पप्पा, बेंच सपाट असता तर दोरा किती दाखवला असता?"

"नव्वद."

"मग?"

नव्वदातून अडतीस गेले, बावन्न. बावन्न अंश. खालचं भोक बावन्न, मधलं साठाच्या वर, आणि वरचं तर खुर्चीच. म्हणजे वीस वर्षं मी इन्क्लाइनच्या नावाखाली खांदाच मारत होतो. खांदे माझे चांगले आहेत, हे खरं. छाती कुठं गेली त्याचा पत्ता लागला.

मालकांना सांगितलं तर त्यांना पटेना. "एवढी पोरं मारतात, कुणाला काय झालं नाही." भांडण नको म्हणून मी वेगळा मार्ग काढला. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथून आठ इंची सिमेंटचा ठोकळा आणला, सपाट बेंचच्या डोक्याकडच्या आडव्या पाईपखाली ठेवला, घसरू नये म्हणून वर जुन्या रबरी मॅटचा तुकडा. दोरा आणि हळकुंड पुन्हा काढलं, ह्या खेपेला वजाबाकी करून: चौदा अंश. कमी वाटतो, पण लोळून बघा. डोकं पायांच्या वर आहे हे लगेच जाणवतं. (ठोकळा वापरणार असाल तर बेंच हलवून, स्वतः रिकामं झोपून, मग हलक्या वजनानं, अशा तीन पायऱ्यांनीच चढा. आणि दांड्यानं नको, डंबेलनंच. ठोकळा घसरला तर डंबेल बाजूला टाकता येतो, दांडा मानेवर येतो.)

पहिल्या दिवशी साडेसतराची जोडी घेतली. बावन्न अंशावर मी वीसची झटके देऊन मारायचो, म्हटलं हे तर पोरखेळ. आठव्या वेळेला हात थरथरायला लागले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करताना हासळीच्या बरोबर खाली, जिथं गेल्या चोवीस वर्षांत कधी काही दुखलं नव्हतं, तिथं दोन बोटांच्या रुंदीची बारीक कळ. बायकोला म्हटलं, इथं दाबून बघ. तिनं दाबलं, मी ओरडलो, ती म्हणाली, "चला, जिवंत आहे म्हणायचं."

नुसत्या कोनानं सगळं झालं नाही. झोपल्यावर खवाटे मागं आणि खाली ओढून बेंचला चिकटवायचे आणि शेवटपर्यंत सुटू द्यायचे नाहीत. हे सुटलं की खांदा पुढं येतो आणि छाती सुटीवर जाते. कोपरं अंगापासून नव्वद अंशात ताणलेली नकोत, बगलेत चिकटलेलीही नकोत. मधे कुठंतरी, पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान. डंबेल खाली आणताना मनात "एक हळकुंड, दोन हळकुंड, तीन हळकुंड" म्हणायचं, म्हणजे तीन सेकंद होतात. हासळीच्या जरा खालच्या रेषेत आणायचे, तळाला क्षणभर थांबायचं, आदळून उसळी घ्यायची नाही. वर जाताना सरळ छताकडे न जाता किंचित डोक्याकडे आणि आत. वर दोन डंबेल एकमेकांवर ठण्णकन आपटायची पोरांना भारी हौस, त्यानं आवाजाशिवाय काही होत नाही. मी आवाज बंद केला तेव्हा सगळ्यांना वाटलं अण्णांचं वय झालं.

मधे ऑगस्टमध्ये उजवा खांदा दुखायला लागला. हात मागं नेऊन पँटचा मागचा खिसा चाचपता येईना. मिरजेला फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आमच्याकडे काही झालं की पहिलं तोंड तिकडं. मी छातीच्या व्यायामाची अख्खी कथा सांगितली. त्यांनी माझ्याकडे बाजूनं बघितलं आणि विचारलं, "दिवसभर काय करता?" म्हटलं, कॉम्प्युटर, खतावणी, फोन. "मग खांदे पुढं आलेत तुमचे. पाठीचा व्यायाम किती?" मी गप्प. माझ्या आठवड्यात पाठ म्हणजे उरलासुरला वेळ. ते म्हणाले, खांदे असे पुढं लोंबले की छातीचा वरचा भाग आहे तेवढाही आत गेलेला दिसतो. आधी मागं ओढा. त्यांनी सहा आठवडे वजन निम्मं करायला सांगितलं, सपाट बेंच पूर्ण बंद, आणि छातीचा एक सेट तर पाठीचा निदान एक. वाकून डंबेल ओढणं, केबल तोंडाकडे ओढणं, असलं.

हमालांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघतो. पन्नास-साठ किलोचं पोतं दिवसभर पाठीवर. छाती म्हणावी अशी त्यांच्यापैकी एकाचीही नाही, पण एकही वाकडा उभा राहत नाही. आमचा तो तंबाखूवाला हमाल साठीचा आहे आणि बाजूनं बघितला तर ओळंब्यात आहे.

सहा आठवड्यांत खांदा शांत झाला. आणि गंमत म्हणजे पाठ मारायला लागल्यावर पंधरा दिवसांतच आरशात छाती वर आलेली दिसली, वाढली नव्हती तरी. नुसती उघडली होती.

हिशेब मी जुन्या लाल खतावणीत ठेवतो, त्यात कोरी पानं शिल्लक होती. वार मंगळवार आणि शुक्रवार. सोमवार मी त्या रांगेला दान दिला. प्रत्येक वारी इन्क्लाइन डंबेलचे चार सेट, नंतर केबल खालच्या पुलीवरून वर आणि आत ओढायचे तीन, आणि शेवटी जोर. आठवड्याचे चौदा सेट झाले, जोर सोडून. नवशिक्याला त्याच्या निम्म्यातच पुरे. दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं बसायचं, मोबाईल न बघता. हे मला अजून जमत नाही, सौद्याचे फोन येतात. प्रत्येक सेट असा थांबवायचा की अजून एक-दोन निघाले असते. कण्हत, कुथत शेवटचा काढण्यात मर्दुमकी वाटते, पण मग शुक्रवारी अंग मंगळवारचंच कर्ज फेडत बसतं.

वाढवायचं कसं, हा खरा प्रश्न. आमच्याकडे डंबेल अडीच-अडीच किलोनं वाढतात. ऐकायला थोडं, पण साडेसतरावरून वीस म्हणजे एका हाताला चौदा टक्के वाढ. पगारात कुणी चौदा टक्के दिलीये एकदम? म्हणून आधी वेळा वाढवायच्या, मग वजन. आठ वेळांपासून सुरू, चारही सेट बारावर पोचले की पुढचा डंबेल, आणि पुन्हा आठ. जिथं अडलं तिथं मनगटाला अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वाळूच्या पट्ट्या बांधल्या. पोरं हसली. साडेबावीसवर मी सात आठवडे अडकलो होतो, त्या पट्ट्यांनीच सुटलो. पंचवीस आलं डिसेंबरात. फेब्रुवारीत नवीन हळद आली, सौदे सुरू झाले, मे पर्यंत जिमला आठवड्यातून एकदाच पाय लागला. वाढलं काही नाही, पण गेलंही नाही. ह्या महिन्यात साडेसत्तावीसच्या जोडीवर नऊ वेळा. आणि हो, डंबेलही काट्यावर घातलेत. साडेसत्तावीसचा एक २६.९००, दुसरा २७.२००. खतावणीत खरा आकडा लिहितो.

जोर मी पुन्हा सुरू केले तेव्हा पंधरात दम लागला. आबा असते तर मातीत लोळवलं असतं. आता साठ निघतात, तीन हप्त्यांत. पाय उंचावर ठेवून, हात जमिनीवर, साध्या डिप्सही (पुशअप) चालतात, पण मला जोरच बरे वाटतात. घरी हॉलमध्ये काढतो. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा विचारायला आल्या होत्या की रोज पहाटे काय ओढत असता.

खाण्याचं थोडक्यात. वजन ७२ किलो, किलोमागं १.६ ग्रॅम प्रथिनं धरली तर दिवसाला ११५ च्या आसपास. चार अंडी, अर्धा लिटर दूध, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ, डाळ, मूठभर शेंगदाणे, आणि भाकरी-चपातीतली धरून तेवढी होतात. डबेवाली पावडर मी घेत नाही, घेणाऱ्याला हसत नाही. रविवारी मटण. भडंगातले शेंगदाणे निवडून खाल्ले तर चालतात का असं एकानं विचारलं होतं. चालतात, पण भडंगातून नुसते शेंगदाणे निवडणारा माणूस सांगलीत टिकणार नाही.

फरक कधी दिसला? टेपनं कळत नाही. छाती ९८ वरून १०१ सेंटिमीटर झाली, पण त्यात पाठही आली. मी दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून बाजूनं फोटो काढतो, मुलगी नाक मुरडत काढते. सहा महिने सगळे फोटो सारखेच. सातव्यात पायरी जरा बोथट झाली. दहाव्यात बायको म्हणाली, "तुमच्या गळ्यातला गणपती आता लोंबत नाही, टेकतोय." आबांच्या फोटोशी अजून तुलना नाही. हाडाची ठेवण, स्नायूचा आकार, ते ज्याचं त्याचं असतं. तेवढं जेनेटिक मीही मान्य करतो. पण ते बावन्न अंशांच्या नंतरचं.

चौथ्या भोकाचं राहिलं. ठोकळा चार महिने टिकला. मग एक दिवस दुसऱ्याच कुणीतरी रबर न घालता बेंच ठेवला, पाईप सिमेंटवर घासला, पोपडे पडले आणि मालकांनी ठोकळा बाहेर फेकला. मी पुन्हा कोनमापक घेऊन गेलो. ह्या वेळी मालकांना बेंचवर झोपवलं, आधी बावन्नवर, मग पिन काढून पाठीखाली प्लेटा रचून तीसच्या आसपास, दोन्हीकडे दहा-दहाचे डंबेल. प्रत्येक वेळी बोटानं दाखवायला सांगितलं की कुठं ताण येतोय. पहिल्यांदा त्यांनी खांद्यावर बोट ठेवलं. दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत, बोट मात्र हासळीखाली गेलं.

कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीचा एक वेल्डर आहे. बेंचची मागची पट्टी काढून त्याच्याकडे नेली. खडूनं खूण करून दिली. त्यानं मशीनवर भोक पाडलं, कडा घासली, पन्नास रुपये घेतले. परत बसवून मोजलं तर बत्तीस आलं. फोन केला, म्हटलं मला तीस पाहिजे होतं. तो म्हणाला, "दिवाणजी, दोन अंशासाठी मी परत पट्टी खोलू? हळदीत तुमी एवढं धरता व्हय?"

बत्तीसच ठेवलं.

मालकांनी त्या भोकाभोवती पिवळ्या ऑइलपेंटनं गोल काढला. पोरांनी त्याला "दिवाणजी" नाव ठेवलं. "भावा, दिवाणजीवर लाव," म्हणतात. परवा शुक्रवारी गेलो तर पिन पिवळ्या गोलातच होती, बेंचवर एक बावीस वर्षांचा पोरगा, आणि मागं टॉवेल खांद्यावर टाकून तिघं थांबलेले. मी चौथा.